मंगळवारचं वेरूळ

१

"दोन वर्षं झाली बसून, तरी म्हणायचं सम्यकची खुर्ची. अन् बुकिंग हरवलं की मग लगेच विशाखाची."

हे मी टेबलाखालून ऐकलं. मी तिथं गुडघ्यांवर बसून वायर तपासत होते आणि बोलणारी माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर जेवणाच्या डब्याचं झाकण दाबत होती. मी खाली आहे हे विशाखा विसरली होती. ती डब्याशी बोलत होती. पन्नाशीच्या बाईला टेबलाखालून आवाज न करता बाहेर येता येत नाही, म्हणून मी थोडा वेळ तिथंच थांबले. वायर चांगलीच होती.

स्टेशन रोडवरच्या या ऑफिसात माझी ही तिसरी खेप. सोमनाथराव काकड्यांचं हे पर्यटन ऑफिस. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना गाडी आणि गाइड देऊन अजिंठा-वेरूळ दाखवायचं, हे काम. प्रत्येक बुकिंग मेलच्या प्रोग्रॅममधल्या कॅलेंडरात टाकलेलं असतं, आणि तीन आठवड्यांपासून ते कॅलेंडर बुकिंगं गिळत होतं. आतापर्यंत चार गेली होती.

मी दोनदा दुरुस्त करून गेले होते. दुरुस्तीचं अवजार कॅलेंडरच्या फाइलवरून फिरायचं आणि सांगायचं, "चुका सापडल्या, सुधारल्या." कोणत्या ते सांगायचं नाही. आमच्या ह्यांच्यासारखं. पुढच्या आठवड्यात पुन्हा सोमनाथरावांचा फोन.

माझं शिक्षण बी.ए. दुसरं वर्ष. कॉम्प्युटर मी जेवणाच्या टेबलावर शिकले, एका मेलेल्या मशीनचे स्क्रू पोह्याच्या डिशमध्ये ठेवून. एकाच कामाला तिसऱ्यांदा यावं लागलं की अजूनही वाटतं, आता कुणीतरी सर्टिफिकेट मागणार.

"मंजुषाताई, एवढंच सांगा," सोमनाथराव त्यांच्या काचेच्या केबिनमधून म्हणाले. "मशीन बिघडलंय का माणूस?"

गेल्या सोमवारी जपानचे चौदा पाहुणे, बहुतेक सत्तरीतले, सकाळी आठपासून हॉटेलच्या दारात टोप्या घालून उभे होते. वेरूळला न्यायला गाडी आली नाही, गाइड आला नाही. कॅलेंडरात ते नव्हतेच. ओसाकाच्या कंपनीनं कळवलं होतं, आणखी एकदा असं झालं की आपला संबंध संपला.

"माणूस बिघडलं आसंल तर आज सहाला विशाखा घरी. उद्यापासून यायचं काम नाय. सम्यक येईस्तोवर मी बसतो त्या खुर्चीवर."

शुक्रवार होता, भिंतीवर एक वाजला होता.

२

"सोपा उपाय आहे," मी म्हटलं. "नवीन प्रोफाइल करू."

प्रोफाइल म्हणजे मेलच्या प्रोग्रॅममधलं माणसाचं घर. त्याचं नाव, त्याचा पत्ता, त्याचं कॅलेंडर. जुनं घर खचलं की मी नवीन बांधते आणि सामान हलवते. तासाभराचं काम. इथलं घर अजून सम्यकच्या नावावर होतं. पाटीवर सम्यक, आत राहणारी विशाखा.

"जुनं नाव काढून टाकते आणि..."

"नको."

दोन आवाज एकदम आले. एक केबिनमधून. दुसरा दारातून, सीताफळांच्या पिशवीमागून.

दारात कडुबा होते. दौलताबादचे, तीस वर्षं गाइड. पाहुण्यांकडून एकेक शब्द उचलत जपानी शिकलेले, आणि मग ती मुलाला शिकवणारे. तो मुलगा म्हणजे सम्यक. दोन वर्षांपूर्वी तो जपानला गेला, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या एका घरात कामाला. जाईपर्यंत ही खुर्ची त्याची होती.

"जसंच्या तसं ऱ्हाऊ द्या ताई," कडुबा म्हणाले. "आला की लागंल त्याला."

"व्हय, लागंल," सोमनाथराव म्हणाले, टेबलावरच्या कागदाकडं बघत.

विशाखानं डबा पिशवीत टाकला, परत काढला, परत टाकला.

मला राग आला. डॉक्टरला बोलवायचं आणि गोळी घ्यायची नाही. "मग करू काय मी? आरती ओवाळू?"

कडुबा माझ्या खांद्यावरून स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात बघत होते. "मशीन अर्धा तास मोकळं मिळंल का ताई?"

"कशाला?"

"आसंच."

"आज नाही मिळणार."

त्यांनी मान हलवली आणि बाकावर बसून घेतलं. आजोबाला गाडीत जागा मिळाली नाही तर तो जसा बसेल तसे.

मी हट्टाला पेटले. मेलमधून जे काढून टाकतो ते लगेच नष्ट होत नाही. महिनाभर मेलवाल्यांच्या गोदामात पडून असतं. मागच्या दोन खेपांना मी तिकडं बघितलंच नव्हतं, कारण मी फाइलवर विश्वास ठेवून बसले होते की बिघडली तीच. आता गोदाम उघडलं.

चारही बुकिंगं तिथं होती. धडधाकट. कॅलेंडरानं काहीच गिळलं नव्हतं, कुणीतरी हातानं काढलं होतं. तीन वेळा मिळून चार, आणि तिन्ही वेळा शुक्रवारी. तिन्ही वेळा दुपारी तीन ते चारच्या मध्ये.

आणि काढणाऱ्याच्या नावापुढं लिहिलं होतं, सम्यक.

३

मी ते मोठ्यानं वाचलं. वाचायला नको होतं. सोमनाथरावांचा कप बशीवर खणकला. कडुबा उभे राहिले.

"उसकू याद आती ना अपनी," प्रणय म्हणाला. हा करमाडचा, ऑफिसची ट्रॅव्हलर चालवणारा, पस्तिशीचा गडी. तो पाण्याची बाटली भरायला आत आला होता. "वहाँ से बैठके काड़ी कर रहा."

"गप रे," विशाखा म्हणाली.

मी मॉनिटर वाकवून दाखवला. खाली चिकटपट्टीवर पासवर्ड लिहिलेला होता, दोन वर्षांत जरा धुरकटलेला. या खुर्चीवर जो बसेल तो मशीनच्या लेखी सम्यक. मी तासभर बसले होते, म्हणजे मीही सम्यक.

"म्हंजी आपल्यातलंच कुणीतरी," सोमनाथराव म्हणाले आणि विशाखाकडं बघितलं.

मग मी एकेकाला विचारायला घेतलं. हे माझं काम नव्हे, पण फाइल निर्दोष सुटल्यावर माणसंच उरली होती.

प्रणय म्हणाला, "मेरेकू क्या फायदा ताई? गाडी उभी ऱ्हायली की बायको कापूस येचायला धाडती. अन् शुक्रवारी दोपारभर मी गाडी धुतो, समोरच. शेठला खिडकीतून दिसाया पायजे ना मी काम करतो म्हणून."

"दिसतो?" मी सोमनाथरावांना विचारलं.

"दिसतो. एकच चाक तासभर धुतो."

विशाखाला मी बाहेरच्या पायरीवर घेऊन बसले. "शुक्रवारी तीनला तू कुठं असतेस?"

"हॉटेलांत. पुढच्या आठवड्याच्या पाहुण्यांच्या याद्या द्यायला जाते. दोनला जाते, चारनंतर येते."

"मग हे सांगितलं का नाहीस?"

"सरांना माहितीये. ते म्हणतात, फोनवरून पण काढता येतं." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "येतंच ना."

"तू नसताना मशीनवर कोण बसतं?"

ती रस्त्याकडं बघत राहिली. सव्वीस वर्षांची मुलगी, नोकरी जायला चार तास उरलेले, आणि मी तिच्या हातात दोरी देत होते.

"मी नसते तर मला कसं माहीत असेल," ती म्हणाली. ज्या पोरीला कुठल्या पाहुण्याला मिरची चालत नाही हेही पाठ असतं, तिला हे माहीत नाही. मला चीड आली, तिची नव्हे, तिच्या त्या शहाणपणाची.

सोमनाथरावांनी आढेवेढे घेतले नाहीत. "शुक्रवारी तीनला मीच बसतो की. बंद दिवसांची पानं बघायला."

आपल्याकडं अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. त्या दिवशी गाइड मोकळे पडतात, म्हणून सोमनाथराव दर शुक्रवारी पुढच्या सोमवार-मंगळवारची पानं उघडतात आणि त्यांना मकबरा, पाणचक्की, दौलताबाद अशी कामं वाटून देतात. एकेक दिवसाचं पान, डायरीसारखं. अख्खा महिना एकदम बघितला की त्यांना गरगरतं.

"अन् ताई, ते मशीन येडंच हाय. एकदा काय दाखवावं? वेरूळ पहाटं साडेतीनला संपतंय. लेण्यात काय रात्रभर भजन हाय का?"

"मग काय केलं तुम्ही?"

"काय करणार. चुकीचं दिसलं की सारखं करतो," ते म्हणाले आणि प्रणयला हाक मारायला उठले.

उरले कडुबा. त्यांनी मला सीताफळ फोडून दिलं. एरवी दोनला येतो, चारला जातो, पुढच्या आठवड्याची कामं घ्यायला, म्हणाले.

"दोन तास लागतात कामं घ्यायला?"

"खुर्ची रिकामी आसती. सोमनाथ बसंस्तोवर बसतो जरा, तो उठला की परत." ते भिंतीवरच्या घड्याळाकडं न बघता म्हणाले, "आता साडेपाच झाले तिकडं. शिफ्ट सुटली आसंल त्याची."

भिंतीवर दोनला दोन मिनिटं होती.

"फोन येतो का सम्यकचा?"

"येतो की. परवाच आल्ता."

केबिनमध्ये सोमनाथराव खाकरले. विशाखाच्या हातून स्टेपलर पडला. मी सीताफळाच्या बिया मोजत बसले, कारण त्या क्षणी कुणाकडं बघावं ते कळेना.

४

समोरच्या टपरीवर मी कोरा चहा घेतला आणि सीताफळांच्या कागदी पिशवीवर लिहायला लागले. वैताग आला की मी लिहून काढते.

गेलेली चार. सोमवार, वेरूळ. रविवार, अजिंठा. सोमवार, वेरूळ. पुन्हा सोमवार, वेरूळ.

त्याच आठवड्यांतली न गेलेली सतरा. त्यात गुरुवारचं वेरूळ होतं, शनिवारचं अजिंठा होतं, बुधवारचं दोन्ही होतं. त्यांना कुणी हात लावला नव्हता.

या शहरातल्या शाळेतल्या पोरालाही हे दिसलं असतं. रविवारनंतर सोमवार येतो, अजिंठा बंद. सोमवारनंतर मंगळवार, वेरूळ बंद. प्रत्येक गेलेलं बुकिंग बंद दिवसाच्या बरोबर आदल्या दिवशीचं होतं. बिघडलेल्या फाइलला लेण्यांच्या सुट्ट्या माहीत नसतात. हे लेण्यांत वाढलेल्या माणसाचं काम होतं.

पण त्यानं सोमवारचं वेरूळ कशाला काढावं? सोमवारी वेरूळ उघडं असतं. मंगळवारचं काढलं असतं तर समजलं असतं.

तिथं माझा चहा गार झाला. मंगळवारचंच काढलं असेल तर? सोमवारचं बुकिंग त्याला मंगळवारच्या पानावर दिसलं असेल तर?

पहाटे साडेतीन.

विशाखा बुकिंग टाकते ते पूर्ण दिवसाचं. मशीन ते लिहून ठेवतं, सोमवारच्या मध्यरात्रीपासून मंगळवारच्या मध्यरात्रीपर्यंत. आता मशीनचं घड्याळ जर अशा देशावर नेलं जो आपल्यापुढं साडेतीन तास आहे, तर तेच बुकिंग साडेतीन तास पुढं सरकतं आणि मंगळवारच्या पहाटे साडेतीनला संपतं. म्हणजे त्याची शेपटी मंगळवारच्या पानावर येते. शेपटी उपटली की जनावरही जातं, कारण बुकिंग एकच असतं.

आपल्यापुढं साडेतीन तास कोण आहे, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती.

मी पळत आले. मशीन स्वतःची एक डायरी ठेवतं, घड्याळ हललं तरी त्यात नोंद करतं. तिन्ही शुक्रवारी दोन वाजून पाच मिनिटांनी घड्याळ टोकियोवर गेलं होतं. तिन्ही शुक्रवारी चारच्या आसपास परत भारतात आलं होतं. त्याच्या मागंही, जूनपर्यंत, जवळजवळ प्रत्येक शुक्रवारी. पावसाळाभर बाहेरचे पाहुणेच नव्हते, काढायला काही नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नव्हतं.

डायरी बंद करताना मेलच्या यादीत माझा हात घसरला आणि जूनमधला एक मेल समोर आला. सम्यकचा, त्याच्या नव्या पत्त्यावरून, ऑफिसला. मी उघडला नाही. विषयाची ओळच पुरे होती. 'सोमनाथकाका, बाबांना तुम्ही सांगाल का.'

मेल वाचलेला होता. या खुर्चीवर तिघं बसत होते.

भिंतीवर पाच वाजून गेले होते. मला आता दोन माणसं माहीत होती, एक घड्याळ फिरवणारं, एक बुकिंग काढणारं. त्यातल्या एकाचं नाव घेणं सोपं होतं.

५

साडेपाचला मी सगळ्यांना मशीनपाशी बोलावलं. कडुबा चारला गेले नव्हते. बाकावरच होते.

"सोमनाथराव, या खुर्चीवर बसा. शुक्रवारची पानं बघायची राहिलीत ना? बघा."

ते बसले. मी त्यांच्या नकळत नव्हे, सगळ्यांच्या समोर, घड्याळ टोकियोवर नेलं. सोमनाथरावांनी चष्मा लावला, सोमवारचं पान बघितलं, मंगळवारचं उघडलं. वर ठळक अक्षरांत होतं, वेरूळ, नऊ पाहुणे, नागोया.

"ही बघा," ते म्हणाले. "मंगळवारी वेरूळ टाकलंय. हिला किती दिस सांगायचं..." आणि त्यांचं बोट काढून टाकायच्या बटणावर गेलं.

गेलं आणि तिथंच राहिलं.

मी घड्याळ परत भारतात आणलं. नऊ पाहुणे मंगळवारच्या पानावरून निघाले आणि सोमवारी जाऊन उभे राहिले, जिथं ते पहिल्यापासून होते.

"चारही?" सोमनाथरावांनी विचारलं.

"चारही."

त्यांनी चष्मा काढला. "मी काढले. चुकलेलं म्हणून काढले. त्या चौदा म्हाताऱ्या माणसांना मीच उभं केलं व्हय दारात." थोड्या वेळानं त्यांनी वर बघितलं आणि आवाज जरा चढवला, कारण चूक एकट्यानं बाळगायला जड जाते. "पण घड्याळ कुणी फिरवलं? ते फिरवलं नसतं तर मला दिसलं असतं का मंगळवारी?"

"मशीनला माहीत नाही," मी म्हटलं. "त्याच्या लेखी सगळे सम्यकच." हे खरं होतं, आणि तरी मी त्याच्या आड लपत होते.

"माझ्याकडून झालं असेल," विशाखा म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. तिनं बघितलं नाही.

"म्हंजी?" सोमनाथरावांनी विचारलं.

"जपानच्या कंपनीला फोन करायला वेळ बघत असेन. परत फिरवायची राहिली असेल. लक्षात नाही."

"शुक्रवारी दोन ते चार तू हॉटेलांत असतेस," मी म्हटलं.

"एखाद्या वेळी नसते."

"तिन्ही शुक्रवारी? विशाखा, तुझी नोकरी..."

"ताई, झालं असेल म्हटलं ना."

सोमनाथरावांना तिचं बोलणं खरं वाटलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण त्यांनी ते धरून ठेवलं, कारण ते सोडलं असतं तर दुसरं काहीतरी धरावं लागलं असतं. "मग काय," ते भिंतीकडं बघत म्हणाले. "सहाला ठरलंय तसं. वाईट वाटून घेऊ नको पोरी."

प्रणयनं बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी न पिता लावलं.

मला वाटलं, ओरडावं. चार शहाणी माणसं, एकमेकांना जपता जपता आपल्यातल्याच एका मुलीला नोकरीबाहेर काढत होती, आणि पाचवी मी, शहाणी म्हणून बोलावलेली. पण हे माझ्या तोंडचं नव्हतं. मला फक्त मशीनचं काम येत होतं, म्हणून मी ते केलं.

खुर्ची ओढून बसले. स्क्रीनच्या कोपऱ्यात आपल्या घड्याळाशेजारी दुसरं घड्याळ लावता येतं, घड्याळ न हलवता. दोन मिनिटांचं काम. मी ते लावलं. पहिल्यावर संध्याकाळचे पावणेसहा. दुसऱ्यावर रात्रीचे सव्वानऊ, आणि खाली टोकियो.

"हे कशाला?" सोमनाथरावांनी विचारलं.

"असू द्या. कुणाला बघायचं असेल तर बघता येईल. फिरवावं लागणार नाही." मी मागं वळून बघितलं नाही. "आणि आता नवीन प्रोफाइल करतेय. जुन्यात बारीकसारीक मोडतोड आहेच, दोनदा दुरुस्त केलेल्यात मी आता हात घालणार नाही."

यावेळी कुणी नको म्हणालं नाही.

मशीननं पांढरा चौकोन उघडला. नाव टाका. आत कर्सरची काडी उघडझाप करत होती.

"कुणाचं टाकू?"

काडी उघडझाप करत राहिली. बाहेर एक रिक्षा बराच वेळ हॉर्न वाजवत होती, ती गेली. विशाखा आपली पिशवी भरायला लागली, पेन, पाण्याची बाटली, कंगवा.

"जाताना त्यानंच दाखवलं होतं मला," कडुबा मागून म्हणाले.

"कडुबा," सोमनाथराव म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

"हितं दाबलं की माझी वेळ दिसंल बाबा, म्हणला. मला हिशेब येतो की ताई, साडेतीन तास मिळवायचे. पण मिळवलं की लांब वाटतो. मशीनवर बघितलं की वाटतं, चला, सुटला कामावरून, निघाला आसंल. पयलं त्या टायमाला फोन यायचा." ते बाकावरून उठून खुर्चीमागं आले. हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "पोरीचा काय संबंध नाय. हॉटेलातनं आली तवा तिनं दोनदा बघितलं मला घड्याळ फिरवताना. काय बोलली नाय. अन् सोमनाथ, त्यानं तुला धाडलेला मेल मीबी वाचला हाय. जूनमधीच."

सोमनाथरावांनी तोंड फिरवलं.

"पिशवी ठेव खाली," कडुबा विशाखाला म्हणाले. मग माझ्याकडं वाकून, एकेक शब्द पाहुण्यांना सांगतात तसा सावकाश, "विशाखाचं नाव टाका ताई. सम्यक येणार नाय आता."